बंधुभाव चालतो, सोयरीक चालत नाही

मुसलमान मुलगा आणि कॅथलिक मुलगी, किंवा कॅथलिक मुलगा आणि मुसलमान मुलगी यांनी एकमेकांशी लग्न करायचे ठरवले, तर त्यात आंबेडकरी चळवळीने लक्ष घालायचे कारण काय? हा प्रश्न आम्हाला आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने तोंडावर विचारला. त्यांचे म्हणणे असे की, सोनई आणि खर्डा आपण विसरलेलो नाही. जातीबाहेर प्रेम केले, किंवा नुसता तसा संशय आला, तरी आपल्या पोरांचे मुडदे पडतात. आपल्या घराला आग लागलेली असताना दुसऱ्याच्या घरातला धूर मोजत बसायचे कशाला?

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही सविस्तर दिले पाहिजे. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले आणि मंडळाने जे होऊ दिले नाही, त्यात सहभोजनाने जात मरत नाही, बेटीव्यवहार झाला पाहिजे, असे त्यांनी बजावले. पण ते तिथे थांबले नाहीत. माणसे बेटीव्यवहार का करीत नाहीत, याचे कारण त्यांनी शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धेत शोधले. हिंदू धर्मशास्त्रांपुरते हे आपल्याला पाठ आहे. परंतु दोन वेगळ्या धर्मांची शास्त्रे एकाच जोडप्याच्या दोन बाजूंना उभी राहतात तेव्हा काय होते, हे पाहायचे असेल तर मुस्लिम-कॅथलिक विवाह पाहावा. दोन्ही धर्म एकच ईश्वर मानतात. इब्राहिम आणि अब्राहम, मूसा आणि मोझेस, मरियम आणि मेरी अशी नावेसुद्धा दोघांकडे जोडीने सापडतात. शिवाय दोघेही या देशात अल्पसंख्याक, दोघांच्याही प्रार्थनास्थळांवर दगड पडलेले. तरीही लग्नाचा विषय निघाला की दोन्ही घरांतले दरवाजे धाडकन बंद होतात.

मुंबईत हे दोन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात. माझगाव, माहीम, वांद्रे, कुर्ला, मालवणी, मिरा रोड, वसई. ईदला शीरखुर्म्याचे भांडे डिसोझांच्या घरी जाते आणि नाताळला कुलकुल्यांची बशी शेखांच्या घरी येते. रोटीव्यवहार उत्तम चालतो. २०१९ च्या फेब्रुवारीत अबुधाबीला पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे मुख्य इमाम अहमद अल-तय्यब यांनी मानवी बंधुभावाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या, तेव्हा दोन्हीकडच्या शहाण्या माणसांना आनंद झाला. आम्हालाही झाला. पण हा बंधुभाव फराळाच्या बशीपर्यंत येऊन थांबतो. बंधुभाव चालतो, सोयरीक चालत नाही.

कॅथलिक चर्चचा कायदा लेखी आणि कलमवार आहे, त्यामुळे आमच्यासारख्या वकिलाला तो वाचायला सोपा जातो. सध्याची संहिता १९८३ ची. तिचे कलम १०८६ सांगते की बाप्तिस्मा झालेली कॅथलिक व्यक्ती आणि बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती यांचा विवाह चर्चच्या दृष्टीने मुळात होतच नाही. बिशपांनी सूट दिली तरच तो होतो. ही सूट मिळण्यासाठी कलम ११२५ प्रमाणे कॅथलिक जोडीदाराला दोन गोष्टी द्याव्या लागतात: आपण आपल्या श्रद्धेपासून ढळणार नाही ही ग्वाही, आणि सगळ्या मुलांचा बाप्तिस्मा करून त्यांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करू हे वचन. दुसऱ्या जोडीदाराला या वचनाची कल्पना द्यायची असते. एवढे करून जे लग्न लागते, ते चर्च वैध मानते, पण त्याला संस्काराचा दर्जा देत नाही. १९१७ च्या जुन्या संहितेत हे वचन दोघांकडूनही घेतले जाई. १९७० नंतर ते एकट्या कॅथलिकाकडे आले. म्हणजे चर्च थोडे हलले, हे मान्य केले पाहिजे.

पण खरी मेख कलम ११२७ मध्ये आहे. चर्चमध्ये विवाह झाला की त्याच विवाहाची संमती देणारा दुसरा धार्मिक विधी आधी किंवा नंतर करायचा नाही. म्हणजे सकाळी चर्च आणि संध्याकाळी निकाह हा जो तोडगा दोन्हीकडचे काका-मामा बसून काढतात, तोच चर्चच्या नियमात बसत नाही. मग एक विधी लपवून केला जातो. लग्नाचा पहिलाच दिवस खोटेपणाने सुरू होतो. चर्चची परवानगी न घेता लग्न केले, तर कॅथलिक जोडीदाराला मिस्सेत कम्युनियन घेता येत नाही. दर रविवारी सगळे रांगेत पुढे जातात आणि ही बाई बाकावर बसून राहते. बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. ज्यांच्या आजोबांना देवळाच्या पायरीवर थांबवले होते, त्यांना ते समजावून सांगावे लागू नये.

इस्लामकडे वळू. कुराणाच्या पाचव्या सूऱ्यातील पाचवी आयत मुस्लिम पुरुषाला ग्रंथधारक समाजातील, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती, स्त्रीशी विवाहाची मुभा देते. तिला धर्म बदलण्याची अट तिथे नाही. भारतातल्या हनफी परंपरेत असा निकाह मान्य आहे. उलट दिशेला मात्र रस्ता बंद. मुस्लिम स्त्रीने ख्रिस्ती पुरुषाशी केलेला विवाह पारंपरिक शरियत मान्य करीत नाही. त्याने आधी कलमा पढला पाहिजे. याचे समर्थन करताना मौलवी सांगतात की घराचा कर्ता पुरुष, मुले बापाच्या धर्माची, म्हणून स्त्रीला बाहेर जाऊ देता येत नाही. हे वाक्य आमच्या वाचकांनी दुसऱ्या कुठल्यातरी स्मृतीत, दुसऱ्या शब्दांत वाचले असेल. बीज आणि क्षेत्र यांचा तो जुना हिशोब. पुरोहिताचा पोशाख बदलला म्हणून हिशोब बदलत नाही.

आणि मुलांच्या बाबतीत दोन्ही शास्त्रे समोरासमोर येऊन उभी ठाकतात. आईने बिशपांना वचन दिलेले असते की लेकरू कॅथलिक होईल. बापाच्या घरी गृहीत असते की लेकरू मुसलमानच जन्मले. बाळाच्या कानात अजान द्यायची की कपाळावर पाणी घालायचे, हा प्रश्न प्रसूतिगृहाच्या दारात सुटत नाही. सुंता करायची की नाही, हा त्याच्या पुढचा. नाव काय ठेवायचे यावर मात्र जोडपी मोठ्या हुशारीने मार्ग काढतात, हे आम्ही पाहिले आहे. दोन्हीकडे चालेल असे नाव शोधतात: सारा, मरियम, आदम, डॅनियल-दानियाल. नाव दोन्हीकडचे असते, पण शाळेच्या फॉर्मवर धर्माचा रकाना एकच असतो. इथे एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे की सरकार कोणालाही आपला धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही आणि आपण कोणताच धर्म मानत नाही असे सांगण्याचा अधिकार नागरिकाला आहे. शाळेचा कारकून हे ऐकून घेत नाही, तो निराळा भाग. निकालाची प्रत खिशात ठेवावी.

आता देशाच्या कायद्याकडे येऊ, कारण तरुण मंडळी सर्वात जास्त फसतात ती इथे.

१८७२ चा भारतीय ख्रिश्चन विवाह कायदा ज्या भागात लागू आहे, तिथे त्याचे कलम ४ म्हणते की दोघांपैकी एकजण जरी ख्रिस्ती असेल तरी विवाह याच कायद्याप्रमाणे लागला पाहिजे, नाहीतर तो रद्दबातल. याचा सरळ शब्दार्थ घेतला तर ख्रिस्ती मुलगी ख्रिस्तीच राहून नुसता निकाह करते, तेव्हा शरियतला मान्य असलेला तो निकाह इंग्रजांच्या या कायद्यापुढे धोक्यात येतो. मुलीने आधी इस्लाम स्वीकारला तर ही अडचण उरत नाही. म्हणून घरची माणसे, आणि सांगायला लाज वाटते पण कधी कधी आमचे वकील बांधवही, तो सोपा मार्ग सुचवतात: एक कागद कर, कलमा पढ, मोकळी हो. ग्रंथाने जी अट घातली नाही ती अट व्यवहार घालतो. उलट मुलगी मुस्लिम आणि मुलगा ख्रिस्ती असेल, तर चर्चमधल्या लग्नाला त्याच कायद्याचे कलम ८८ आडवे येते. पक्षकाराच्या व्यक्तिगत कायद्याने निषिद्ध असलेला विवाह या कायद्याने वैध होत नाही, असे ते सांगते.

वारसाहक्काचे तर कोणी नावच काढीत नाही. मुस्लिम कायद्यात मुसलमानेतर व्यक्ती मुसलमानाची वारस होत नाही. निकाह करून आपल्या धर्मात राहिलेल्या ख्रिस्ती पत्नीला मेहर मिळेल, नवऱ्याने मृत्युपत्र केले असेल तर एक तृतीयांशापर्यंत काही मिळेल, पण वारस म्हणून हिस्सा नाही. वीस वर्षे संसार केलेल्या बाईला हे नवऱ्याच्या मृत्यूनंतर दिरांकडून कळते.

या सगळ्यातून सुटण्याचा एकच पक्का रस्ता आहे, १९५४ चा विशेष विवाह कायदा. या कायद्याचा इतिहास आमच्या वाचकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. पहिला विशेष विवाह कायदा १८७२ चा, केशवचंद्र सेन आणि ब्राह्मो समाजाच्या खटपटीतून झालेला. पण त्यात दोघांनाही जाहीर करावे लागे की आम्ही हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती वगैरे कोणत्याच धर्माचे नाही. म्हणजे लग्न करायचे तर धर्म नाकारा. १९२३ मध्ये हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापसात सूट मिळाली. मुस्लिम आणि ख्रिस्ती तसेच राहिले. महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी १८७३ पासून भटाशिवाय लग्ने लावली, शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या संस्थानात आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहाला कायद्याचे बळ दिले. बाबासाहेब आणि माईसाहेब यांचा १५ एप्रिल १९४८ चा विवाह नोंदणी पद्धतीनेच झाला. १९५४ च्या कायद्याने अखेर ती धर्म नाकारण्याची अट काढली. इतर कोणत्याही विवाह कायद्यात काहीही असले तरी, अशा शब्दांनी त्याचे कलम ४ सुरू होते. तू तुझ्या धर्मात राहा, ती तिच्या धर्मात राहील, आणि तरीही तुम्ही पतिपत्नी. एवढे साधे वाक्य लिहायला या देशाला ८२ वर्षे लागली.

आणि तरीही काही न्यायाधीशांना ते वाचता येत नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये एका मुस्लिम तरुणाला आणि हिंदू तरुणीला पोलीस संरक्षण नाकारताना म्हटले की मुस्लिम कायद्याला जो विवाह मान्य नाही, तो विशेष विवाह कायद्याखाली करूनही नियमित होणार नाही. कलम ४ ची पहिली ओळ वाचून हा निष्कर्ष कसा निघतो, हे आम्हाला समजलेले नाही. उद्या हाच तर्क मुस्लिम तरुणी आणि कॅथलिक तरुण यांना लावला, तर त्यांचा एकमेव रस्ताही गेला.

रस्ता पक्का आहे, पण त्यावर तीस दिवसांचा नाका आहे. दोघांपैकी एकाचे तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य हवे. मग नोटीस. ती नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात दर्शनी लावायची, दुसऱ्या जिल्ह्यात कायमचे घर असेल तर तिकडेही पाठवायची, आणि तीस दिवस वाट पाहायची. आक्षेप कोण घेऊ शकतो? कोणीही. कायद्याने आक्षेपाची कारणे मर्यादित आहेत: वय, आधीचा जोडीदार हयात असणे, मनाची अवस्था, निषिद्ध नाते. धर्म वेगळा आहे हे कारण त्यात नाही. पण नोटिशीवरचे नाव-पत्ता टिपून घेणाऱ्या टोळ्यांना आक्षेप घ्यायचाच नसतो. त्यांना पत्ता हवा असतो. खोडसाळ आक्षेप घेणाऱ्याला कायद्याने जास्तीत जास्त एक हजार रुपये भरपाई भरावी लागते. दोन जिवांची किंमत १९५४ मध्ये हजार रुपये ठरली, ती अजून वाढलेली नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये या नोटिसा घरी पाठवू नका म्हणून सांगितले. केरळने जुलै २०२० मध्ये त्या संकेतस्थळावर टाकणे बंद केले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्याच्या इच्छेवर सोडले. त्याच धर्मातल्या, त्याच जातीतल्या लग्नाला अशी नोटीस लागत नाही. मांडव घाला, अक्षता टाका, झाले. ज्यांना संरक्षणाची सर्वात जास्त गरज, त्यांचेच नाव फळ्यावर.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी आलेले एक जोडपे आठवते. मुलगा कोकणी मुस्लिम, मुलगी वसईकडची कॅथलिक, दोघेही एकाच दवाखान्यात नोकरीला. आम्ही त्यांना तीस दिवसांचे गणित सांगितले तेव्हा मुलगी म्हणाली, "वकीलसाहेब, महिनाभर मम्मीपासून लपवता येईल, पण पॅरिशपासून नाही लपणार." तिचे खरे होते. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी नोटिशीचा मोबाइलवर काढलेला फोटो तिच्या घरी पोचवला. पुढे लग्न झाले, पण ज्या गोष्टीवरून मोठा तंटा झाला ती आमच्या अपेक्षेबाहेरची होती. मुलाची अम्मी धर्माला फारशी अडून बसली नव्हती. सून ख्रिस्ती असण्याला त्यांची हरकत नव्हती. त्यांना कोणीतरी सांगितले होते की या कायद्याने लग्न केलेस तर तुझा मुलगा शरियतच्या वारसाहक्कातून बाहेर जातो.

आणि हे सांगणारा खोटे बोलत नव्हता. विशेष विवाह कायद्याने मुस्लिम-ख्रिस्ती जोडप्याचे लग्न झाले की त्यांच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. त्यात मुले असतील तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी समान. शरियतमध्ये मुले असताना पत्नीचा आठवा हिस्सा आणि मुलीला मुलाच्या निम्मे. म्हणजे सुनेचे आणि नातीचे हित १९२५ च्या कायद्यात आहे, यात वाद नाही. पण शरियतमध्ये मुलाच्या मालमत्तेत आईला सहावा हिस्सा असतो, आणि भारतीय वारसा कायद्यात मृताला मुले असतील तर त्याच्या आईला काहीच नाही. त्या अम्मी विधवा होत्या, मुलाच्या पगारावर घर चालत होते. त्यांच्या हट्टाला लोक धर्मांधपणा म्हणत होते आणि त्या बाई आपल्या म्हातारपणाचा विचार करीत होत्या. आम्ही मुलाला मृत्युपत्र करायला लावले. या कायद्याखाली तो संपूर्ण मिळकतीचे मृत्युपत्र करू शकतो, एक तृतीयांशाची मर्यादा त्याला नाही. आईची तरतूद कागदावर आली आणि निम्मे भांडण मिटले. पुरोगामी मंडळी आंतरधर्मीय विवाहावर भाषणे देतात तेव्हा असल्या हिश्श्यांचा हिशोब कोणी करीत नाही, म्हणून इतके लिहिले.

गोव्यात हे तुलनेने सोपे. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात धर्म कोणताही असो, विवाहाची नागरी नोंद करावी लागते, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नीची संपत्ती सामायिक मानली जाते. पण नोंदणी सोपी झाली म्हणून नातेवाईक जेवायला येतात असे नाही. शिवाय गोव्यातल्या कॅथलिकांत बामण, चाड्डी आणि सुदीर हे भेद आहेत, मुसलमानांत अश्रफ आणि पसमांदा आहेत. त्यामुळे ज्याला आपण आंतरधर्मीय विवाह म्हणतो तो पुष्कळदा आंतरजातीयही असतो. विरोध करणारा तोंडाने धर्माचे नाव घेतो. मनात काय असते ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

मरणाचाही प्रश्न आहे. कॅथलिक दफनभूमी चर्चची, कबरस्तान जमातीच्या विश्वस्तांचे. दोघांना शेजारी शेजारी झोपता येईल अशी जागा बहुतेक गावांत नाही. चर्चने १९६३ मध्ये दहनाला मुभा दिली आहे, इस्लाम देत नाही. हमीद दलवाई १९७७ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणत्याही धार्मिक विधीशिवाय त्यांचे दहन झाले, आणि त्याची चर्चा अजून होते. त्यांनी १९७० साली पुण्यात स्थापन केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाने आंतरधर्मीय जोडप्यांना आधार दिला आहे. ख्रिस्ती समाजात असे मंडळ आम्हाला दिसत नाही, असते तर बरे झाले असते.

आता राजकारण. केरळात सिरो-मलबार चर्चच्या धर्मसभेने जानेवारी २०२० मध्ये निवेदन काढले की ख्रिस्ती मुलींना ‘लव्ह जिहाद’मध्ये ओढले जात आहे. पुढच्याच महिन्यात, ४ फेब्रुवारी २०२० रोजी, केंद्रीय गृह राज्यमंत्र्यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिले की अशी कोणतीही संज्ञा कायद्यात नाही आणि केंद्रीय यंत्रणांकडे असे एकही प्रकरण नोंदलेले नाही. हे उत्तर भाजपच्या सरकारचे आहे, आमचे नाही. तरीही सप्टेंबर २०२१ मध्ये पालाच्या बिशपांनी त्यात ‘नार्कोटिक जिहाद’ची भर घातली आणि एप्रिल २०२४ मध्ये इडुक्कीच्या धर्मप्रांताने मुलांना ‘द केरला स्टोरी’ हा चित्रपट दाखवला. मधल्या काळात, एप्रिल २०२२ मध्ये, कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॅथलिक तरुणीने मुस्लिम तरुणाबरोबर राहायचे ठरवले, तिच्या वडिलांनी केरळ उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि ती न्यायालयात उभी राहून म्हणाली की मी माझ्या मर्जीने आले आहे. न्यायालयाने अर्ज निकाली काढला. पण तिच्या जोडीदाराच्या स्वतःच्या डाव्या पक्षातल्या एका नेत्याच्या तोंडून त्याआधी ‘लव्ह जिहाद’चा शब्द निघून गेला होता. पक्षाने त्यांना तो मागे घ्यायला लावला. कंधमालमध्ये २००८ साली ज्यांनी चर्चेस जाळली, त्यांचाच शब्दकोश हातात घेऊन चर्चचे धर्मगुरू बोलू लागतात, तेव्हा अल्पसंख्याकांची एकजूट या विषयावरचे परिसंवाद कोणासाठी भरवायचे?

महाराष्ट्रही मागे नाही. वसईच्या एका तरुणीच्या दिल्लीतील निर्घृण हत्येची बातमी नोव्हेंबर २०२२ मध्ये फुटली. गुन्हेगाराला शिक्षा व्हावी यात दुमत असण्याचे कारणच नाही. पण सरकारने काय केले? डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणारी समन्वय समिती नेमली. ओरड झाल्यावर दोनच दिवसांत त्यातून ‘आंतरजातीय’ हा शब्द वगळला. आपण ओरडलो म्हणून आपल्यापुरती सुटका झाली, आणि आपल्यातले पुष्कळजण गप्प बसले. हे आम्हाला आवडले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या शक्तीवाहिनी प्रकरणातील २०१८ च्या निकालानुसार, याच राज्याच्या गृह विभागाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय जोडप्यांसाठी सुरक्षागृहे आणि जिल्हावार विशेष कक्ष यांचा आदेश काढला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच सरकारने ‘लव्ह जिहाद’विरोधी कायद्याचा अभ्यास करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जोडप्यांना संरक्षण द्यायचे कोणी? पोलिसांनी. आणि त्यांच्याविरुद्धच्या कायद्याचा अभ्यास करायचा कोणी? तोही पोलिसांनीच.

ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या प्रश्नाचे आमचे उत्तर इथे येऊन भिडते. गुजरातने २००३ चा धर्मस्वातंत्र्य कायदा २०२१ मध्ये दुरुस्त करून लग्नासाठीच्या धर्मांतराला गुन्हा केले. ऑगस्ट २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने आंतरधर्मीय विवाहांपुरती काही कलमे स्थगित केली. तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ती बातमी मुसलमानांची म्हणून वाचली आणि पान उलटले. ८ एप्रिल २०२४ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीच्या सहा दिवस आधी, गुजरात सरकारने परिपत्रक काढले की बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म समजावा आणि हिंदूतून बौद्ध होणाऱ्याने त्याच कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी. बौद्ध धर्म वेगळा आहे हे मान्य केल्याबद्दल आभार. पण ज्या कायद्याचा फास मुस्लिम-कॅथलिक जोडप्यासाठी वळला असे आपल्याला वाटत होते, तो दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या वाटेवरही टाकला गेला.

लग्नासाठी धर्म बदलण्याचे आम्ही समर्थन करीत नाही, हेही स्वच्छ सांगतो. १९५६ साली नागपुरात लाखो लोकांनी बावीस प्रतिज्ञा उच्चारून धर्म बदलला. बाबासाहेबांनी त्याआधी २१ वर्षे विचार केला होता. काझीच्या कार्यालयात किंवा पॅरिशच्या खोलीत सासऱ्याच्या समाधानासाठी दहा मिनिटांत होणारे धर्मांतर आणि ते, यांना एकच शब्द वापरावा लागतो याचे आम्हाला वाईट वाटते. पण ते दहा मिनिटांचे धर्मांतर थांबवायचे तर त्याला परवानगीचा आणि तुरुंगाचा धाक नको. धर्म न बदलता लग्न करण्याचा रस्ता सोपा हवा. तीस दिवसांचा नाका उठवा, फळ्यावरची नोटीस काढा, मग पाहा किती मुली कलमा पढायला जातात आणि किती मुले बाप्तिस्मा घ्यायला. राज्य नेमके उलटे करते. नोंदणीचा दरवाजा अरुंद ठेवते आणि धर्मांतराच्या दारात पोलीस उभा करते.

विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. नात्यातला एकही माणूस यायला तयार नसतो आणि मित्र ऐनवेळी फोन बंद करून बसतात. वर सांगितलेल्या वसईच्या मुलीच्या लग्नाला ओळखपत्र घेऊन आलेले तिघेजण आमच्या विहाराचे होते. त्यातले एक रिक्षा चालवतात, एक महापालिकेत सफाई कामगार आहेत आणि तिसऱ्या शाळेत बाई आहेत. जिल्ह्याजिल्ह्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी अशा साक्षीदारांची नावे आणि फोन नंबर आपापल्या वकिलांकडे देऊन ठेवावेत. ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा अस्सल हवा, झेरॉक्स चालत नाही. आणि त्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवावी, कारण कार्यालयात नंबर दुपारनंतरच लागतो.